पार्किंगमधली फिरती गाडी, फुकट सोनोग्राफी आणि माझी मैत्रीण

सातारकरीण (मंगळवार, रात्री ९:४०)

हा विषय इथे काढावा की नाही यात दोन आठवडे गेले. जिच्याबद्दल आहे तिला विचारलं. ती म्हणाली, लिही, फक्त मला कुणी ओळखणार नाही असं लिही. त्यामुळे काही तपशील बदललेत.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. मैत्रीण चौतिशीची, दोन मुलं, थोरला तिसरीत. नवरा एच-वन-बी व्हिसावर. फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस हातात असतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. विमा महिनाअखेरीला बंद झाला. स्वतःच्या खिशातून चालू ठेवायचा तर चौघांचा हप्ता घरभाड्याच्या आसपास जात होता. आणि अशात हिची पाळी चुकली.

घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. मला फोन आला तो "उद्या मोकळी आहेस का गं?" एवढाच.

एका दवाखान्यात फोन केला. विमा नाही म्हटल्यावर पलीकडच्या बाईंनी आधी आकडेच सांगायला सुरुवात केली. तेव्हा मला ती गाडी आठवली. आमच्याकडच्या एका डॉलर स्टोअरच्या पार्किंगमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी बसएवढी लांब गाडी उभी असते. बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: मोफत प्रेग्नन्सी टेस्ट, मोफत सोनोग्राफी, सगळं गुप्त. इतकी वर्षं मी ती रक्तदानाची गाडी समजत होते!

गेलो. आत गेल्यावर आधी बसायला एक छोटा सोफा, मग टॉयलेट, आणि मागच्या बाजूला पडदा लावून टेबल, मशीन, भिंतीवर हा एवढा टीव्ही. तीन बाया होत्या. एक नर्स, एक बोलणारी, एक गाडी चालवणारी. तिघीही एका चर्चच्या गटातल्या. नाव विचारलं, पाणी दिलं, कुणी घाई केली नाही. परत टेस्ट केली, मग स्कॅन. सात आठवडे. ठोके टीव्हीवर दिसले.

बोलणाऱ्या बाईंनी विचारलं, तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? ही हो म्हणाली. नंतर मला म्हणते, "नाही कसं म्हणू गं, एवढं केलं त्यांनी." त्या प्रार्थनेत बाईंनी हिच्या नवऱ्याच्या नोकरीचं नाव घेतलं आणि ही ढसाढसा रडली. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच रडत होती.

मग हिने विचारलं, ठेवायचं नसेल तर कुठे जायचं? उत्तर आलं, ते आम्ही सांगत नाही, पण त्यातले धोके सांगू शकतो. आणि एक पत्रक दिलं. पत्रकावर पाठीवर सॅक घेतलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. आतही सगळं तिच्यासाठीच लिहिलेलं: आईबाबांना कसं सांगशील, कॉलेज कसं पूर्ण करशील. शेवटी एक फोन नंबर, गर्भपाताची गोळी घेतल्यावर मन बदललं तर "उलटवता" येते म्हणून.

निघताना पिशवी दिली. व्हिटॅमिन, डायपरचं पाकीट, हाताने विणलेलं टोपडं आणि दुपटं. कुणा म्हाताऱ्या बाईने चर्चमध्ये बसून विणलेलं असणार. आपल्याकडचा बाळंतविडाच की.

ओहायोत गर्भपात कायदेशीर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून तो हक्क राज्याच्या घटनेत घातला. म्हणजे तिच्यापुढे दोन वाटा होत्या आणि गाडीत एकच बोलली गेली. याचा मला राग आला. पण त्या संध्याकाळी तिच्यासाठी दुसरं कुठलं दार उघडं होतं, हेही मला आठवत नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते कळेना, म्हणून धागा.

तिने पुढे काय ठरवलं ते लिहिणार नाही. कृपया विचारू नका.

बिनसाखरेचा (मंगळवार, रात्री १०:०५)

थोडक्यात काय, डायपर देऊन धर्मांतर. आपल्याकडे तांदूळ द्यायचे, तिकडे सोनोग्राफी.

सातारकरीण (मंगळवार, रात्री १०:२०)

धर्म बदल असं कुणी म्हणालं नाही हो. चर्चला ये असंही नाही. मैत्रिणीच्या पर्समध्ये अंगारा असतो, तो तसाच आहे. ती जे विचारत होती त्याचं उत्तर मिळालं नाही, एवढीच माझी तक्रार.

भाकरवडी_ह्यूस्टन (मंगळवार, रात्री ११:१२)

आमच्या टेक्सासमध्ये हे सगळं फार मोठ्या प्रमाणावर चालतं. इथे अशा गाड्या चालवणाऱ्या केंद्रांना २००५ पासून राज्य सरकारचा पैसा मिळतो. आधी योजनेचं नाव "गर्भपाताला पर्याय" अशा अर्थाचं होतं, २०२३ मध्ये बदलून "थ्रायव्हिंग टेक्सास फॅमिलीज" केलं. सप्टेंबर २०२१ पासून सहा आठवड्यांची मर्यादा आली, आणि जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो निकाल उलटवल्यावर जवळजवळ पूर्ण बंदी. सहा आठवडे म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलेले, हे कित्येक पुरुषांना माहीत नसतं. पाळी चुकल्याचं कळेपर्यंत हातात उरायचे जेमतेम दोन आठवडे.

तेव्हा इथे "दुसरी वाट का सांगितली नाही" हा प्रश्नच निकालात निघालाय. दुसरी वाट शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात जाते, गाडीने दहा-बारा तास.

गोदाकाठ_डॉ (बुधवार, सकाळी ७:३०)

नाशिकला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून वीसेक वर्षं काम करतेय. दोन-तीन गोष्टी लिहिते, जरा लांबेल.

अशा गाडीत करतात ते "मर्यादित" स्कॅन. गर्भ पिशवीत आहे का, ठोके आहेत का, किती आठवडे, एवढंच बघायचं. बाळात दोष आहे का, वगैरे त्यात येत नाही. हे सांगितलं असेल तर काही चूक नाही. पण टेस्ट पॉझिटिव्ह आणि पिशवीत काहीच दिसत नाही, अशी बाई गाडीतून "पुढच्या गुरुवारी या" ऐकून घरी गेली तर मला झोप लागणार नाही. गर्भ नळीत असू शकतो. एका बाजूला पोटात दुखणं, खांद्यात कळ, चक्कर, यातलं काहीही झालं तर सरळ इमर्जन्सीत जायचं, विमा असो नसो. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सीत आलेल्याला पैशासाठी न तपासता परत पाठवता येत नाही. बिल नंतर येतं, पण जीव राहतो.

ते "उलटवण्या"चं पत्रक मात्र फाडून टाका. याला शास्त्रीय आधार नाही, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही तेच म्हणणं आहे. कॅलिफोर्नियात याची नीट चाचणी करायला घेतली होती. बाराच बायका झाल्या आणि थांबवावी लागली, कारण तिघींना इतका रक्तस्राव झाला की रुग्णवाहिका बोलवावी लागली. २०१९ ची गोष्ट. त्या तिघींतल्या दोघींना तर "उलटवण्याचं" औषध नव्हे, नुसती खोटी गोळी दिलेली होती. म्हणजे गर्भपाताच्या दोन गोळ्यांतली पहिली घेऊन दुसरी न घेता मध्येच थांबणं, यातच धोका असावा.

आता आपल्याकडचं. अशी गाडी महाराष्ट्रात आठवडाभरसुद्धा चालणार नाही, आणि त्याचं कारण गर्भपाताचा वाद नाही. लिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, मग १९९४ मध्ये केंद्राचा आला. सोनोग्राफी मशीन नोंदलेल्या जागेतून हलवायचं नाही. प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरायचा, त्यात एक खूण चुकली तरी डॉक्टरच्या मानेवर येतं. २०१२ च्या नियमानुसार फिरत्या गाडीत मशीन ठेवायचं तर ती इतर आरोग्यसेवा देणारी नोंदणीकृत फिरती आरोग्य गाडी असली पाहिजे. नुसती सोनोग्राफीची गाडी नाही चालत. आणि नर्सने स्कॅन करणं तर सोडूनच द्या. तिकडे जे मशीन बाळ ठेवायला लावण्यासाठी फिरवतात, त्याच मशीनला आम्ही इथे मुली वाचवण्यासाठी सील ठोकतो.

आणि सातारकरीणताई, मैत्रीण लग्नाची, दोन मुलांची, हे वाचून मला काहीच नवल वाटलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक अशाच असतात. मंगळसूत्र असलं की दिवस हवेसेच असतात, हे फक्त सासरच्या लोकांना वाटतं.

वांगीभात (बुधवार, सकाळी ८:१५)

डॉक्टर, शेवटच्या ओळीला शंभर मोदक.

माझ्या आईला माझ्यानंतर तिसऱ्यांदा दिवस गेले, १९८३ च्या सुमारास. बाबा गिरणीत, संप संपून काम परत मिळालं नव्हतं. आई शेजारच्या काकूंना घेऊन दवाखान्यात गेली आणि संध्याकाळी येऊन भाकरी थापायला बसली. आम्हाला हे ती सत्तरीची झाल्यावर कळलं. काकूंनी शेवटपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

गोदाकाठ_डॉ (बुधवार, सकाळी ८:५०)

वांगीभात, तुमच्या आईंच्या वेळी कायदा त्यांच्या बाजूने होता. आपला कायदा १९७१ चा. कुटुंबनियोजनाचं साधन फसलं हे कारण त्यात पहिल्यापासून चालतं, पण मूळ शब्द "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" असे होते. २०२१ च्या दुरुस्तीत ते "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे झाले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही गटांतल्या बायकांना चोवीसपर्यंत, त्यासाठी दोघांचं. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्या चोवीसात धरलं. नवऱ्याची सही कायद्याने कधीच लागत नव्हती. तरी आजही कित्येक ठिकाणी मागतात. ही आमच्या लोकांची लबाडी.

नगरची_लेक (बुधवार, रात्री ८:०२)

मी आजवर इथे फक्त पाककृती वाचायला येत होते. लिहायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

मी ख्रिस्ती, माहेर नगरचं, आता इंडियानात. आणि मी अशाच एका गाडीत बसते. आठवड्यातून एक संध्याकाळ, पगार नाही. धाग्यातली गाडी आमची नव्हे, पण पिशवी अगदी तीच. टोपडी विणणाऱ्या आजी आमच्याकडे ब्याऐंशीच्या आहेत.

पैसा कुठून येतो तेही सांगते. आमच्याकडे सरकारी काही नाही. मातृदिनाला चर्चमध्ये प्रत्येक घराला एक रिकामी दुधाची बाटली देतात. पितृदिनापर्यंत त्यात सुटी नाणी टाकायची आणि परत आणायची. मुलं फार मनावर घेतात. शिवाय वर्षातून एक जेवण असतं, तिथे मोठे देणगीदार. मशीनसाठी बऱ्याच ठिकाणी नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक पुरुषांची संस्था मदत करते, २००९ पासून. आम्ही प्रोटेस्टंट, पण मशीन आलं ते त्यांच्याकडूनच.

दोन आरोप नेहमी ऐकते. पहिला, जन्म झाला की विसरतात. आमच्यापुरतं तरी हे खरं नाही. मी स्वतः एका मुलीला मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) ऑफिसात चार वेळा घेऊन गेले, तिच्या कारसीटचे पट्टे बसवून दिले, रात्री दोनला तिचा फोन घेतलाय. वर्षभर डायपर मिळतात, बाळाच्या संगोपनाचे वर्ग केले की त्यावर गुण मिळतात आणि त्या गुणांवर पाळणा घेता येतो. वर्षानंतर मात्र धागा विरळ होतो, हे कबूल. नवी गाडीत चढलेली असते.

दुसरा आरोप, दुसरी वाट सांगत नाही. हो, नाही सांगत. माझी श्रद्धा आहे की तो जीव आहे, मी त्याला संपवायचा पत्ता माझ्या हाताने देऊ शकत नाही. तसं आमच्या दारावर लिहिलेलंही आहे. पण सातारकरीणताई, तुमचा धागा वाचून आज मुद्दाम जाऊन पाहिलं. लिहिलेलं आहे खरं, पण "मोफत" हा शब्द तळहाताएवढा आहे आणि ही ओळ औषधाच्या बाटलीवर असते तेवढी. हे मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

सातारकरीण (बुधवार, रात्री ८:३०)

ताई, मनापासून लिहिलंत. मला पटलं नाही तरी तुमच्यावर राग धरता येत नाही. एक विचारू? टीव्ही एवढा मोठा का असतो? डॉक्टरला बघायला छोटा स्क्रीन पुरतो ना?

नगरची_लेक (बुधवार, रात्री ८:४१)

आईला दिसावं म्हणून. खोटं कशाला बोलू. पण बघायचं नसेल तर बंद करतो, आधी विचारतो. सगळीकडे विचारतात का ते माहीत नाही.

जुनी_वही (बुधवार, रात्री ११:५५)

थोडा इतिहास, कारण "ख्रिस्ती म्हणजे गर्भपातविरोधी" हे समीकरण तितकंसं जुनं नाही.

अशा केंद्रांतलं पहिलं म्हणतात ते हवाईत निघालं, १९६७ मध्ये. बरोबर त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जडसन मेमोरियल चर्चचे पास्टर हॉवर्ड मूडी आणि आणखी वीसेक पाद्री-रब्बी यांनी उघडपणे जाहीर केलं की अडचणीतल्या बायकांनी आम्हाला फोन करावा, सुरक्षित गर्भपात कुठे होईल ते आम्ही सांगू. तेव्हा तो तिथे बेकायदा होता. म्हणजे एक ख्रिस्ती दार दाखवतोय, दुसरा दार अडवतोय, आणि दोघांच्याही हातात एकच बायबल. १९७१ मध्ये तर सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनीसुद्धा काही परिस्थितीत गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. आज त्यांच्यासमोर हे काढलं तर विषय बदलतात.

आपल्याकडचं म्हणाल तर १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. पुढे काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पंडिता रमाबाईंनी केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये "पाऊल वाकडं पडलेल्या" म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं, ते ख्रिस्ती श्रद्धेतूनच. त्या काळी दुसरी सुरक्षित वाट नव्हतीच, त्यामुळे ती दाखवली का हा प्रश्न उद्भवत नव्हता. मला वाटतं आजच्या गाडीत आणि त्या घरात मोठा फरक हा आहे.

बिनसाखरेचा (गुरुवार, पहाटे ६:१०)

फुल्यांची तुलना या गाडीशी? कमाल आहे.

जुनी_वही (गुरुवार, सकाळी ९:००)

शेवटचं वाक्य परत वाचा. फरकच लिहिलाय.

कलम_एकवीस (गुरुवार, सकाळी ९:४५)

कायद्याचं एक राहिलं. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा केला होता की अशा परवानाधारक केंद्रांनी पाटी लावावी, सरकारतर्फे गर्भपातासह सेवा मोफत किंवा स्वस्तात मिळतात म्हणून. ज्यांना परवाना नाही त्यांनी तसं जाहीर करावं. केंद्रांची संघटना न्यायालयात गेली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार असा निकाल तिच्या बाजूने लागला. मुद्दा भाषणस्वातंत्र्याचा: सरकार आमच्या तोंडून आम्हाला न पटणारं बोलवून घेऊ शकत नाही. म्हणजे नगरच्या ताईंच्या दारावरची ती बारीक ओळसुद्धा त्यांच्या गटाचा चांगुलपणा म्हणायचा.

दुसरं, "सगळं गुप्त" यावर फार विसंबू नका. अमेरिकेतला रुग्णाच्या माहितीचा कायदा साधारणपणे विम्याला इलेक्ट्रॉनिक बिल पाठवणाऱ्यांना लागू होतो. जो बिलच लावत नाही तो बहुतेक वेळा त्याच्या बाहेर. गाडी गुप्तता पाळेलही, पण ती तिच्या शब्दावर.

सातारकरीण (गुरुवार, सकाळी १०:२०)

अरे देवा! मैत्रिणीने फॉर्मवर खरा नंबर दिला होता. दर आठवड्याला मेसेज येत होते, आज तुझं बाळ राजमाएवढं, आज द्राक्षाएवढं. तिसऱ्यानंतर तिने मला दाखवले. थांबवा असं उलट लिहिल्यावर थांबले, आणि "आम्ही इथेच आहोत" असा शेवटचा एक आला.

पेठकर (गुरुवार, दुपारी १२:०१)

सगळं वाचलं. पण शेवटी ठेवलं की नाही? नवऱ्याला नोकरी लागली का? अर्धवट गोष्ट सांगू नये.

वांगीभात (गुरुवार, दुपारी १२:०४)

पेठकर, पहिल्या पोस्टची शेवटची ओळ वाचा. आणि माझ्या आईच्या काकूंसारखं कुणीतरी तुम्हाला मिळो.

संपादक (गुरुवार, दुपारी १२:३०)

धर्मांतरावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. मैत्रिणीच्या निर्णयाबद्दल विचारणारे यापुढे उडवले जातील.

नगरची_लेक (शुक्रवार, रात्री ९:१५)

आमच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मांडल्या. पत्रकावर लग्न झालेल्या, मुलं असलेल्या बाईचा फोटो हवा. दारावरची ओळ मोठी हवी. आणि डॉक्टरताई म्हणतात ते गोळी उलटवण्याचं पत्रक काढावं. फोटो लगेच मान्य झाला. ओळीवर पुढच्या महिन्यात बोलू म्हणाले. पत्रकावरून शांतता पसरली, मग एकीने मला विचारलं की तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस. मी उत्तर दिलं नाही. गुरुवारी जाणार आहे, ते पत्रक मी माझ्या हाताने देणार नाही.

गोदाकाठ_डॉ (शनिवार, सकाळी ७:१०)

त्याजागी नळीतल्या गर्भाची लक्षणं छापून द्या. पाच ओळी आहेत, मी इंग्रजीत लिहून पाठवते. त्याला कुणाच्या श्रद्धेची हरकत नसावी.

नगरची_लेक (शनिवार, सकाळी ७:३५)

पाठवा ताई. मेसेज केलाय.

सातारकरीण (रविवार, रात्री १०:००)

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गणपतीत ढोल कुणाच्या गाडीतून जाणार याची यादी तीन महिने आधी बनते. दवाखान्यात कुणाबरोबर कोण जाईल याची यादी मी अकरा वर्षांत पाहिली नाही. काल मीच टाकली: "दवाखान्यात सोबत लागली, मुलं सांभाळायला हवी असतील, काहीही कारण असो, विचारणार नाही, फोन करा." खाली अध्यक्षांनी अंगठा दिला आणि एका काकांनी विचारलं, हे नक्की कशासाठी?

आतापर्यंत दोन फोन आले. एक रूट कॅनॉलसाठी. त्यांना शनिवारी नेतेय.